फेटा बांधलेलं कपाट

आमच्या परड्यात पूर्वी म्हशींचा गोठा होता, तिथं आता मोबाइलच्या टॉवरची खोली आहे. घर कळंब्याच्या अंगाला, तळ्यापासून चालत दहा मिनिटांवर. म्हशी विकल्या, गोठा पाडला, कंपनीनं तिथं पक्की खोली बांधली आणि शेजारी लोखंडी मनोरा उभा केला. ज्या जागी आमची थोरली म्हैस बांधलेली असायची, नेमकं त्याच जागी एक करड्या रंगाचं कपाट उभं आहे. म्हशीसारखंच ते दिवसभर हुंऽऽ करतं. दूध तेवढं देत नाही.

मी शिकले सातवीपर्यंत. पुढचं सगळं विचारून विचारून. खोलीची एक किल्ली तेव्हा माझ्याकडं असायची, म्हणून या कपाटाबद्दलही मी विचारून घेतलं. लाइटच्या तारेतून घरात येते ती वीज सारखी पुढं-मागं हेलकावत असते. पंख्याला, मिक्सरला ती चालते. टॉवरच्या यंत्राला चालत नाही. त्याला एकाच दिशेनं वाहणारी लागते आणि तीही बेताची, अठ्ठेचाळीस व्होल्टची. ही हेलकावणारी वीज सरळ करून द्यायचं काम कपाटातले चार खण करतात. त्यांना रेक्टिफायर म्हणतात. त्यातला एक बिघडला तर चालू कपाटातून ड्रॉवरसारखा ओढून काढायचा आणि दुसरा सरकवायचा, तोवर उरलेले तीन त्याचं काम ओढतात. आमच्या घरात चार माणसं होती तेव्हा एकानं अंग काढून घेतलं की उरलेली तिघं काम सोडून आधी भांडायची. लोखंडाकडं बघून माणसानं लाजावं असं कधी कधी वाटतं.

हे मला शिकवलं ते देखभालीला येणाऱ्या पावण्यांनी. पहिल्या दिवशी अनोळखी म्हणून मी त्यांना पावणं म्हटलं आणि तेच टिकलं. शाहूवाडीकडचे, पंचेचाळिशीतले, केस विरळ झालेले. ते मला काकी म्हणतात. मोटरसायकलवरून आजऱ्यापर्यंतचे टॉवर सांभाळायचे आणि ऑफिसच्या शिव्या खायच्या, असं त्यांचं काम. नोकरी ठेकेदाराकडची, म्हणजे आज आहे आणि उद्याचं उद्या. आले की आधी खोलीत जाऊन खणांच्या जाळ्या पुसायचे, मग माझ्या हातचा चहा.

"काकी, एवढंच ध्यानात ठेवा," ते म्हणायचे. "ह्येची तोंडं मोकळी पायजेत. पुढनं गार हवा आत, मागनं गरम हवा भाईर. हिरवा दिवा म्हंजे बरं चाललंय. पिवळा म्हंजे दम लागलाय. तांबडा लागला की खण बसला."

गेल्या वर्षी नवरात्रात ते आले तेव्हा चहा तसाच ठेवून बसले होते. एका टॉवरवर उंदरांनी वायर खाल्ली होती, दुसऱ्या ठिकाणी चार दिवस लाइट नव्हती. दोन्ही वेळी ठपका यांच्या नावावर.

"दोन झाल्या," म्हणाले. "तिसरी तक्रार आली की ठेकेदार घरी बसवणार. तसं तोंडावर सांगितलंय त्यानं."

"उंदराला काय तुम्ही आमंत्रण दिलतं व्हय?"

"ऑफिसनं फार्मात उंदीर लिव्हला न्हाय काकी. 'देखभालीत हयगय' लिव्हलंय."

मी म्हटलं, आमच्या खोलीकडनं तुम्हाला घोर लागणार नाही. अगदी छातीला हात लावून म्हटलं. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढं जे झालं त्याच्या आधी आठच दिवस मी हे बोलले होते.

आता आमच्या भाऊजींबद्दल सांगायला हवं. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झाले आणि तेव्हापासून सत्कार करत सुटले. गल्लीत कोणाचा नातू दहावी झाला, सत्कार. कोणाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, सत्कार. शाल, श्रीफळ, फेटा यांचा त्यांच्याकडं कायमचा साठा असतो, आणि त्या शाली आमच्यातच इतक्या फिरतात की मला मिळालेली एक शाल मी दोनदा दुसऱ्यांच्या खांद्यावर पाहिली आहे. फोटो काढून भावकीच्या ग्रुपवर टाकल्याशिवाय सत्कार पुरा होत नाही. फोटोत ते मधोमध असतात. ज्याचा सत्कार, तो कडेला.

खंडेनवमीला आमच्याकडं घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा असते. कोयता, खुरपी, विळी, शिलाई मशीन, सुनेची स्कूटी. हळदकुंकू लावायचं, झेंडू वाहायचा, आणि एकदा पूजा झाली की दसऱ्याच्या सकाळपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. विळीची पूजा झाली म्हणून त्या दिवशी कांदासुद्धा आम्ही हातानं फोडतो. लहानपणापासून हे इतकं अंगात मुरलंय की त्यात विचार करण्यासारखं काही असतं हेच कधी डोक्यात आलं नाही.

सकाळी दहाच्या सुमारास माझी स्कूटीपर्यंत पूजा झाली आणि भाऊजी म्हणाले, "वहिनी, टॉवरची खोली ऱ्हायली की."

"ते आपलं कुठं हाय?"

"आपल्या गोठ्याच्या जागंवर हाय न्हवं? मग आपलंच. सगळ्या कळंब्याचं बोलणं त्या कपाटातनं जातंय. त्याचा मान नको?"

मी किल्ली दिली. दिली म्हणजे काय, हौसेनं पुढं होऊन दार उघडलं. कपाटाला हळदकुंकू लावलं, एक झेंडूचं फूल वर ठेवलं. नारळ मात्र मी खोलीबाहेर फोडायला लावला, विजेच्या वस्तूवर पाणी नको म्हणून. तेवढी अक्कल शाबूत होती. तेवढीच होती. कारण मग भाऊजींनी पिशवीतून गुलाबी फेटा काढला आणि कपाटाच्या वरच्या भागाला, बरोब्बर त्या चार खणांच्या तोंडावरून, गच्च गुंडाळून बांधला. शेमला सोडला, तुरा काढला. मागून शाल पांघरली. पुढनं फेटा, मागनं शाल. हवेला येण्याचीही वाट नाही आणि जाण्याचीही.

मी म्हटलं, "भाऊजी, त्याची तोंडं मोकळी पायजेत म्हणत्यात."

"फोटोपुरतं ओ वहिनी!"

फोटो झाला. एकट्या कपाटाचा नव्हे, त्याच्या शेजारी छातीशी हात बांधून उभ्या भाऊजींचा. 'आमच्या घरच्या टॉवरचा सत्कार' असं खाली लिहून तो ग्रुपवर गेला. मग नैवेद्य, पुरणपोळी, पाहुणे. खोलीला कुलूप.

दुपारी दोनला पावण्यांचा फोन. ते आजऱ्याच्या बाजूला कुठल्या तरी टॉवरवर होते. "काकी, पुण्याच्या ऑफिसात घंटा वाजलीया. तुमच्या खोलीतलं कपाट तापलंय. तोंडावर काय आलंय का जरा बघा."

मी गेले. कपाटाची हुंऽऽ आता भसाभसा झाली होती. फेट्याच्या एका घडीतून पिवळा उजेड दिसत होता. मी हात पुढं केला, आणि मागून भाऊजी आले.

"वहिनी! पूजा हलवताय?"

"दम लागलाय त्याला. पिवळा दिवा हाय."

"पाडव्याला म्हशींना झूल घालून गावभर मिरवत होतो, कुठल्या म्हशीला दम लागला? उद्या सकाळी काढू. एवढी वर्षं पाळलंय ते तुम्ही मोडणार?"

आणि मी हात मागं घेतला. भाऊजींना भिऊन नव्हे, त्यांना मी कधीच भ्याले नाही. पूजा झालेल्या वस्तूला हात लावायचा, हे माझ्या हातालाच जमलं नाही. चार खण काय करतात हे गल्लीत सगळ्यांना समजावून सांगणारी मी! बाहेर आले आणि पावण्यांना फोनवर सांगितलं, "काय न्हाय ओ, पूजा केलीया नुसती. फूल वाह्यलंय."

"मग ठीक," ते म्हणाले. विश्वास ठेवला त्यांनी.

खण एकेक करून बसले. मग सगळा भार कपाटाच्या तळाशी असलेल्या बॅटऱ्यांवर आला आणि त्यांनी जमेल तितका वेळ ओढला. साडेपाचला टॉवर गप्प झाला. त्यानंतरची मजा बघायला हवी होती. अख्खी गल्ली गच्च्यांवर चढली, प्रत्येकाचा हात वर, हातात फोन, जणू आकाशातून कोणी प्रसाद टाकणार आहे. 'दसऱ्याच्या हार्दिक शुभेच्छा' पाठवायच्या राहून गेल्या म्हणून माणसं एवढी कासावीस झाली, आणि समोरच्या गच्चीवर उभ्या शेजाऱ्याला तोंडानं शुभेच्छा द्यायचं एकालाही सुचलं नाही. सगळ्यात उंच गच्चीवर आमचे भाऊजी. त्यांच्या फोटोला किती अंगठे आले ते कळायचं राहिलं होतं.

सातच्या आत पावणं पोचले. आजऱ्याहून मोटरसायकल हाणत आलेले, अंगभर धूळ. मी दार उघडलं. करपल्याचा वास आला. त्यांनी कपाटाकडं बघितलं, मग माझ्याकडं. फेटा सोडला, शाल काढली, दोन्हीची नीट घडी घातली आणि माझ्या हातात दिली. पूजेची म्हणून घडी कपाळाला लावून दिली. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर मला झोप लागली असती.

गार झाल्यावर तीन खण परत सुरू झाले. चौथा जळला होता. पुण्याचे साहेब परवा चौकशीला येणार, असा फोन त्यांना तिथंच आला.

"खरं सांगा तुम्ही साहेबाला," मी म्हटलं.

"तुमचं नाव कसं घेऊ काकी? एवढ्या वर्षांचा चहा हाय. आणि घरमालकानं केलं म्हटलं तर ते म्हणणार, मग तू किल्ली का दिलीस? फिरून माझ्यावरच." खोलीतल्या वहीत त्यांनी लिहिलं, 'कारण समजले नाही.' खाली सही केली. तिसरी तक्रार स्वतःच्या हातानं लिहून घेतली म्हणा ना.

दसऱ्याला सोनं द्यायला भाऊजी आले तेव्हा मी विषय काढला. ते म्हणाले, "आपण कशाला बोलायचं? मशीन त्यांचं, माणूस त्यांचा. एका फेट्यानं मरतंय ते कसलं मशीन?" आणि पानं देऊन पुढच्या घरी गेले.

एकादशीला साहेब आला. माझ्या मुलाच्या वयाचा, इस्त्रीचा शर्ट, हातात टॅब. कपाटाचे दोन फोटो घेतले, जळालेला खण पिशवीत घातला आणि पावण्यांना म्हणाला, "जाळ्या साफ केल्या नाहीत ना? देखभालीत हयगय टाकतो." पावणं खाली मान घालून उभे. भाऊजी दारात, मोठ्या गंभीर चेहऱ्यानं, मयताला आल्यासारखे.

मी आत गेले आणि फेटा घेऊन आले. टॅबवरच ठेवला.

"हे काय, आजी?"

"तुमचं कारण."

सगळं सांगितलं. पावण्यांनी शिकवलं होतं, मला कळत होतं, दुपारी फोन आला तेव्हा मी खोटं बोलले, हेही सांगितलं. साहेबानं फेट्याकडं बघितलं, टॅबकडं बघितलं. "आजी, यात फेटा नाही. वीज पडणे, चोरी, उंदीर, जादा भार, देखभालीत हयगय. एवढंच आहे. उंदीर टाकू का?"

"उंदरानं फेटा बांधला व्हय?"

"पण पुरावा लागतो. तुम्ही याला वाचवायला सांगताय असं वर म्हणतील."

पुरावा म्हटल्यावर मी भाऊजींकडं वळले. त्यांचा हात आपोआप खिशातल्या फोनवर गेला, झाकायला.

"भाऊजी, दाखवा की फोटो."

"कुठला फोटो?"

"सबंध भावकीनं बघितलेला. दाखवता, का माझ्या फोनवरचा दाखवू? माझ्या फोनवर तुम्ही जरा बारीक दिसताय."

मग त्यांनी फोन काढला. फोटोत कपाट गुलाबी फेट्यात, चारही तोंडं बंद, भाऊजी मधोमध, आणि खाली सकाळी सव्वादहाची वेळ. साहेबानं तो फोटो आपल्या टॅबवर मागून घेतला. हसू दाबताना त्याचे कान लाल झाले. यादीच्या तळाशी 'इतर' असं एक घर निघालं. त्यात त्यानं लिहिलं, 'घरमालकांकडून सत्कार.' मला वाचून दाखवलं आणि विचारलं, चालेल? मी म्हटलं, खरं आहे, चालायलाच पाहिजे.

माझ्याकडची किल्ली मात्र काढून घेतली. ते योग्यच झालं. पावण्यांची नोकरी राहिली. पुढचे दोन महिने ते आले की जाळ्या पुसायचे आणि चहा न घेता जायचे, घाईत आहे म्हणून. मीही आग्रह केला नाही. संक्रांतीला तिळगूळ घेऊन खोलीच्या दारात उभी राहिले तेव्हा म्हणाले, "टाका चहा, काकी."

यंदा खंडेनवमीला पूजा खोलीच्या उंबऱ्याबाहेरूनच केली. भाऊजी आलेच. हातात तोच गुलाबी फेटा, धुऊन इस्त्री केलेला. म्हणाले, कपाटाचा नको तर नको, पावण्यांचा तरी सत्कार करू, वर्षभर एक तक्रार नाही. आणि फेटा उलगडत पुढं झाले.

पावणं दोन पावलं मागं सरले, डोक्यावर हात ठेवून.

"नको ओ अण्णा," म्हणाले. "मलाबी हवा लागती."