अर्जेंटिनातलं १९७७ आणि काकूची टेप

पन्नाशी ओलांडली की माणसाला एकतर गुडघेदुखी धरते, नाहीतर छंद. मला दोन्हींनी एकदमच धरलं. गेल्या वर्षी मी स्पॅनिशच्या वर्गात नाव घातलं. वर्गातली सगळी माझ्या मुलीच्या वयाची. मी चुकलो तरी कुणी हसत नाही, त्याचीच जास्त लाज वाटते. बायको एवढंच म्हणाली, "मराठीत श्रोते संपले वाटतं!"

घरात गोष्टी सांगायचं काम माझ्याकडेच असतं. बारसं असो की तेरावा, मला बोलायला बसवतात. म्हणूनच काकूशी बोलायला दादानं, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, मला पाठवलं.

काकूचा एकुलता एक मुलगा माझ्याहून दोन महिन्यांनी मोठा. सव्वीस वर्षांपूर्वी हडपसरच्या कारखान्यात पहिल्या पाळीला म्हणून डबा घेऊन निघाला, आणि कारखान्यात पोचलाच नाही. घरात भांडण झालं नव्हतं, चिठ्ठीही ठेवली नव्हती. काका शोधून शोधून थकले आणि गेले. बारा वर्षं माणसाचा पत्ता लागला नाही तर दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात, मग त्याच्या नावानं पिंड ठेवता येतो. घरातली श्राद्धं दादा करतो. पितृपंधरवडा जवळ आला होता. "मी पासष्टीचा झालो," तो मला म्हणाला. "माझ्यामागे त्याचं कोण करणार? काकूनं फक्त हो म्हणायला हवं." मला ते पटलं. समोरच्याचं मला लगेच पटतं, हा माझा जुना दोष.

त्यातून वर्गात गृहपाठ दिला होता: कुठल्याही देशाच्या इतिहासातल्या एका वर्षाबद्दल पाच मिनिटं बोला. मी अर्जेंटिनाचं १९७७ घेतलं होतं. तीच गोष्ट काकूला मराठीतून सांगावी आणि हळूच मुद्द्यावर यावं, असा माझा बेत. माझे बेत नेहमी रिक्षात बसेपर्यंतच चांगले असतात.

कात्रजला पोचलो तेव्हा काकू गवार मोडत बसली होती. ऐंशी वर्षांची आहे, पण अजून चष्म्यावरून बघते.

"बोल. तू बोलायला लागलास की हाताला काहीतरी काम असलेलं बरं."

मी सुरुवात केली. तिकडे लष्कराचं राज्य होतं. तरुण मुलांना घरातून, रस्त्यावरून उचलून नेत. कुठे नेलं, ते कुणी सांगत नसे. कचेऱ्यांचे हेलपाटे घालून आया दमल्या. मग त्या वर्षी चौदा जणी सरकारच्या दारासमोरच्या चौकात जमल्या. पोलीस म्हणाले, घोळका करून उभं राहायचं नाही, चालू लागा. तर त्या दोघी-दोघी हातात हात घालून चौकातच चालायला लागल्या. पुढे दर गुरुवारी. एका यात्रेत एकमेकी ओळखू याव्यात म्हणून त्यांनी डोक्याला पांढरी फडकी बांधली. मुलांच्या तान्हेपणीचे लंगोट.

काकूचे हात थांबले. "जपून ठेवले होते?"

"हो."

"मग?"

"वर्ष संपताना त्यांच्यातल्या तिघींनाच उचलून नेलं."

"आणि बाकीच्या?"

"पुढच्या गुरुवारी आल्या."

"मुलं आली?"

"बहुतेकांची नाही आली, काकू."

"मग त्या थांबल्या का रे कधी?"

"नाही. चालतच राहिल्या."

हे वाक्य तोंडातून गेलं आणि माझ्या लक्षात आलं, आपण गोष्ट चुकीची निवडली. मन वळवायला आलेला माणूस विरुद्ध बाजूचा वकील होऊन बसला होता.

"दादानं पाठवलंय ना तुला?"

मी मान हलवली.

तिनं गवारीच्या शिरा मुठीत गोळा केल्या. "त्या बायकांना निदान कुणाच्या दारात उभं राहायचं ते ठाऊक होतं. मी कुठल्या चौकात चालू?"



"दादा म्हणतो, त्याला गती मिळेल," मी कसंबसं म्हणालो.

"म्हणजे तो गेला, असं आधी मी म्हणायचं. ते माझ्या तोंडून येणार नाही. मी गेले की काय ते करा. दोघांचं एकदमच उरका, दादाला दोन खेपा नकोत."

मग ती उठली आणि कपाटातून टेप घेऊन आली. दर दिवाळीला ती त्याच्यासाठी एक शर्ट शिवून घेते. सव्विसाव्या वर्षीचं माप आता कसं चालेल, म्हणून माप माझं. शर्ट वर्षभर कपाटात राहतो. नवा आला की जुना मला मिळतो. त्या दिवशी माझ्या अंगात होता तोही त्याचाच.

"उभा राहा नीट."

मी सवयीनं श्वास ओढला.

"पोट आत घेऊ नकोस. त्याचंही सुटलंच असेल."

मी श्वास सोडला. टेप थोडी सैल करून तिनं पुन्हा धरली, आणि आकडे मला वाचून पाठ करायला लावले. तिला आता टेपवरचं नीट दिसत नाही.

जिन्यातच दादाचा फोन आला.

"काय म्हणाली?"

बोलायला पाठवलेल्या माणसाला एवढंच सुचलं: "छाती बेचाळीस, पोट चव्वेचाळीस."

 दादा खाकरून म्हणाला, "गेल्या वर्षी पोट त्रेचाळीस होतं ना रे?"