मागचा डबा आला का?

"काकू, पुढची सीट घेऊ का मागची? आज ठरवायचंच आहे," शमीम म्हणाली. तिच्या कडेवर पावणेदोन वर्षांची सना होती, आणि सनाच्या हातात माझ्या काउंटरवरची नवी कोरी घंटी. ती घंटी त्या दिवशी विकायची राहिली ती राहिलीच.

दौंडमध्ये आमचं सायकलचं दुकान आहे. सासऱ्यांनी सुरू केलं. नवरा रेल्वेत लागला, सासरे थकले, मग मी बसले. पहिली दोन वर्षं गिऱ्हाईक आत येऊन विचारायचं, "मालक कुठं गेलेत?" मी म्हणायचे, "समोर बसलेत." हळूहळू विचारणं बंद झालं. ही गोष्ट नव्वदच्या दशकातली. आमच्याकडच्या बायका तेव्हा सायकल चालवायच्या, स्कूटी फक्त डॉक्टरीणबाईंकडे होती.

शमीम रेल्वे कॉलनीजवळ राहायची. तिला फाटकापलीकडच्या वस्तीवर एका शिवणवर्गात शिकवायचं काम मिळालं होतं. तिच्या आयुष्यातलं पहिलं काम. लेकरू बरोबर आणलं तरी चालेल, पण सोमवारपासून सकाळी दहाला वर्गाचं दार उघडलं पाहिजे, नाहीतर यादीतल्या पुढच्या बाईला बोलावू, असं तिथल्या बाईंनी सांगितलं होतं. एसटी साडेअकराला. नवरा रेल्वेत, आज सोलापूर तर उद्या मनमाड. सासू नव्हती. सासरे होते, पण सना पळायची आणि सासऱ्यांचे गुडघे पळायचे नाहीत. म्हणजे सायकलवर सनाची जागा झाली तरच काम. आणि त्या दिवशी मंगळवार होता.

मी तिला समजावून सांगितलं. लहान मुलाला सायकलवर बसवायच्या तेव्हा आमच्याकडे तीन पद्धती होत्या. पहिली, दांडीवरची छोटी सीट. पण दांडी जेन्ट्स सायकलला असते, लेडीज सायकलला नसते. तो विषय संपला. दुसरी, हँडलला अडकवायची तारेची खुर्ची. लेकरू डोळ्यासमोर राहतं, पण सगळं वजन हँडलवर येतं, सायकल वळायला जड होते, आणि लेकराचे हात बरोबर ब्रेकवर पडतात. तिसरी, मागच्या कॅरियरवरची सीट. तोल चांगला राहतो. धोका एकच, पाय स्पोकमध्ये जाण्याचा. स्पोक म्हणजे चाकाच्या तारा. त्यात टाच अडकलेलं पोर मी दोनदा पाहिलंय. तिसऱ्यांदा बघायचं नाही म्हणून मी पत्र्याचं गार्ड लावल्याशिवाय मागची सीट देत नाही.

"मग मागचीच," शमीम म्हणाली. "पण मागं मला दिसणार कशी ती?"

हा प्रश्न चांगला होता. मी त्याचं उत्तर देणार, तेवढ्यात दारात हातगाडी थांबली.

हातगाडीमागून शमीमचे सासरे आले. कादरचाचा. सगळी नोकरी रेल्वेच्या कॅरेज-वॅगन खात्यात, म्हणजे डब्यांच्या कामावर, फिटर म्हणून झालेली, नुकतेच रिटायर.

"बाई, सीट-बीट राहू द्या," ते म्हणाले. "आमच्या नातीसाठी डबा बनवलाय. तुम्ही फक्त तपासून द्या."

चाचांच्या भाच्यानं परदेशातून एक फोटो पाठवला होता. त्यात एक गोरी बाई सायकलला मागं छोटी झाकलेली गाडी जोडून चालली होती, आणि गाडीत दोन पोरं. चाचांनी फोटो पाहिला आणि पंधरा दिवस घराच्या मागं ठोकाठोक केली. घरात कुणाला काही सांगितलं नाही.

हातगाडीवरून ती वस्तू उतरवायला चौघं लागले. लोखंडी अँगलची चौकट. लहान मुलांच्या सायकलची दोन चाकं. आत गादी, वर कापडी टप, दोन्ही बाजूंना खिडक्या. खिडक्यांना गज. पुढं जोडणीसाठी जाडजूड हूक. आणि मागच्या बाजूला एक लाल दिवा आणि पिवळी पाटी, पाटीवर काळ्या अक्षरात 'एल. व्ही.'

"हे काय?" मी विचारलं.

"लास्ट व्हेईकल," चाचा म्हणाले. "गाडीच्या शेवटच्या डब्याला लावतात. स्टेशनातून गाडी जाते तवा माणूस उभा राहून ही पाटी बघतो. पाटी दिसली म्हंजी गाडी पूर्ण आली. नाही दिसली, तर मागचे डबे कुठं तरी सुटले."

"चाचा, संडास काढला न्हाई व्हय डब्यात?" आमचे मेकॅनिक बबनराव म्हणाले.

"तू गप रे. तुला पंक्चरच्या पलीकडं काय कळतं?"

मी डबा तपासला. चाकं फिरवली, छर्रे बघितले, वेल्डिंगवर हातोडी मारून आवाज ऐकला. काम पक्कं होतं, जरा जास्तच पक्कं. हूक मात्र मी तपासला नाही. डबे जोडण्यात ज्यांची हयात गेली, त्यांचा हूक मी काय तपासायचा, असं मला वाटलं. ही माझी चूक, आणि ती मी आधीच सांगून टाकते.

आमच्या दुकानाचा एक नियम आहे. लेकराची सीट बसवली की आधी लेकरू बसवायचं नाही. तेवढ्या वजनाचं पोतं बसवायचं आणि फाटक ओलांडून एक खेप मारायची. सनाला मी उचलून पाहिलं. दहा किलो, फार तर अर्धा इकडंतिकडं. शेजारच्या गिरणीतून दहा किलो ज्वारी आणली. बबनरावांना काय सुचलं कोण जाणे, त्यांनी शमीमच्या पिशवीतला सनाचा फ्रॉक काढून पोत्याला चढवला, वर टोपी घातली.

"ही पोरगी गुणाची हाय," ते म्हणाले. "रडत न्हाई, घंटी बी मागत न्हाई."

शमीम निघाली. चाचा फुटपाथवर उभे राहून पाटी लांब जाईपर्यंत बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही समाधान होतं, की मीसुद्धा गिऱ्हाइकाला थोडा वेळ थांबवून बाहेर येऊन उभी राहिले. सना माझ्या कडेवर.

वीसेक मिनिटांनी शमीम परत आली. घाम आलेला, पण चेहरा फुललेला.

"अब्बा, जाताना जरा जड गेली," ती लांबूनच ओरडली, "पण येताना इतकी हलकी चालली म्हणून सांगू! मागं काही आहे असं वाटलंच नाही!"

 बबनरावांनी तिच्या मागं पाहत विचारलं, "वहिनी, पोरगी कुठाय?"

शमीमनं मागं वळून पाहिलं. मागं रस्ता होता.

फ्रॉकात ज्वारी होती हे तिला माहीत होतं. सना माझ्या कडेवर होती हेही तिला दिसत होतं. तरी सायकल तशीच सोडून ती आली, सनाला माझ्याकडून घेतलं आणि घट्ट धरून पायरीवर बसली. सायकल आडवी पडली, ती कुणी उचलली नाही.

वीसेक मिनिटांनी, मालगाडी काढून देऊन, फाटकावरचा गेटमन आला. काखेत झेंडी, एका हातानं डबा ओढत.

"कुणाचा डबा हाय ह्यो?" तो कडाडला. "रुळांच्या मधी उभा व्हता! मालगाडीचा टाइम झाल्याला. लांबून फ्रॉक दिसला आन् माझं काळीजच गेलं. पळत जाऊन बघतो तर आत जोंधळं!" मग त्याला समोरचा माणूस दिसला. "चाचा? तुम्ही?"

कादरचाचा बाकावर बसले होते. त्यांनी डब्याचा हूक हातात घेतला, उघडून-मिटून पाहिला आणि खाली ठेवला.

"पार्टिंग झालं," ते म्हणाले. धावत्या गाडीचे डबे सुटणं याला रेल्वेत पार्टिंग म्हणतात. "पूर्ण सर्व्हिसमध्ये माझ्या हातनं जोडलेला डबा कधी सुटला नाही. आज सुटला. तो पण नातीचा."

कारण साधं होतं. चाचांनी हूक केला होता वॅगनच्या धर्तीवर, वजनाच्या ओढीवर घट्ट बसणारा. वॅगनला ती ओढ असते. दहा किलो ज्वारी भरलेल्या डब्याला नसते. जाताना शमीम रूळ बेतानं ओलांडून गेली. येताना सवय झाली होती, वेगात आली. रुळांवर डबा उडाला आणि हूक निघाला.

"त्यात काय, एक पिन टाकली की झालं," बबनराव म्हणाले.

"पिन टाकली की हूक सुटायचा नाही," चाचा म्हणाले. "पण खरी चूक वेगळीच आहे. मी पाटी लावली. पाटी बघायला मागं माणूस कुठं ठेवला? ही मैलभर आली, हिला कळलं नाही."

मलाही हेच म्हणायचं होतं. शिवाय डबा ठेंगणा. आमच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या चालतात, वरून बघणाऱ्या ड्रायव्हरला तो दिसायचाच नाही. पण हे मी बोलले नाही. माणूस स्वतःच स्वतःला बोल लावत असेल तर आपण भर घालू नये.

"अब्बा, मी नाही जात कामाला," शमीम पायरीवरून म्हणाली. "कळवून टाकते त्यांना."

"काम कशाला सोडतेस?" मी म्हटलं. "डबा सोड. चाचा, शनिवारपर्यंत माझ्या दुकानात बसणार का? कॅरियरची सीट करायची आहे, आणि मला फिटर पाहिजे."

चाचांनी वर पाहिलं. "किती वाजता येऊ?"

बुधवारपासून ते साडेआठला हजर. बबनरावांच्या आधी. सीटची पाठ उंच केली, म्हणजे झोपलेल्या मुलाची मान मागं लोंबणार नाही. पाय ठेवायला दोन पत्र्याचे डबे, चाकाला दोन्ही बाजूंनी गार्ड. पट्टा खाटेच्या नवारीचा, खांद्यावरून आणि कमरेवरून. खाली दोन पायांचं स्टँड, कारण सायकली जास्त करून लेकरू चढवता-उतरवतानाच पडतात. हे गिऱ्हाइकाला सांगून पटत नाही, पडल्यावर पटतं. चाचांनी प्रत्येक बोल्टला भोक पाडून त्यात पिन घातली. "एवढ्या पिना आमच्या अख्ख्या दुकानात न्हाईत," बबनराव म्हणाले. चाचांनी त्यांच्याकडूनच आणखी चार मागून घेतल्या.

शनिवारी पुन्हा ज्वारी बसवली. ह्या वेळी फ्रॉकाशिवाय. फाटकापलीकडं दोन खेपा, वेगात रूळ ओलांडून. मग बबनरावांनी सायकल अशी काही गदागदा हलवली, की जणू तिच्याशी जुनं वैर आहे. काही निघालं नाही, काही वाजलं नाही.

मग सनाला बसवलं. ती रडली नाही. समोर आईची लांब वेणी दिसली, ती दोन्ही हातांनी धरली आणि ओढली.

"आई गं!" शमीम ओरडली. "काकू, ही अशी रोज ओढणार?"

"ओढू दे," मी म्हटलं. "तू विचारलं होतंस ना, मागं दिसणार कशी? दिसायची गरजच नाही. ओढतेय तोवर मागं आहे."

चाचा पहिल्यांदाच हसले. डब्यावरची पिवळी पाटी काढून ती सीटच्या पाठीला मागून लावली, लाल दिव्यासकट. मी हरकत घेतली नाही. ट्रॉलीवाल्यांना तेवढंच दिसेल.

सोमवारी पावणेदहाला वर्गाचं दार उघडलं. शमीमनं पुढं सात वर्षं ते काम केलं आणि नंतर स्वतःचा वर्ग काढला. रोज संध्याकाळी चाचा कॉलनीच्या कोपऱ्यावर उभे राहायचे. सून आली की तिच्याकडे बघायचे नाहीत, नातीकडेही नाही. सायकल पुढं जाऊ द्यायचे, मागची पाटी बघायचे आणि हात वर करायचे. गाडी पूर्ण आली. एकदा पाहुणे आले म्हणून ते कोपऱ्यावर नव्हते, तर सनानंच वेणी ओढून सायकल थांबवली. हात वर झाल्याशिवाय घरी जायचं नाही, असा तिचा समज झाला होता.

डबा माझ्या दुकानात राहिला. हुकाला पिन आहे. टायर आणायला उपयोगी पडतो.

पुढं बाजारात नाना तऱ्हेच्या सीट आल्या, फोमच्या, प्लास्टिकच्या, कार्टूनवाल्या. तरुण आईबाप येतात, कोणती चांगली विचारतात. मी त्यांना उलट एकच विचारते, चालवताना मागं पोर आहे की नाही हे तुम्हाला कशावरून कळणार? उत्तर देता आलं तर सीट दाखवते. नाही आलं तर आधी चहा पाजते आणि विचार करायला लावते.

चाचणीचं पोतं अजून आहे. त्याला फ्रॉक घालायचा नाही, अशी गेटमनची ताकीद आहे.