चढायचं शिकले, उतरायचं राहिलं

अबुधाबीच्या विमानतळावर बोर्डिंगच्या रांगेत माझ्या नवऱ्याच्या, सुधीरच्या, ओळखीचा एक माणूस भेटला आणि मी मनातल्या मनात कपाळावर हात मारला.

"काय साहेब, कुठे दौरा?"

"रजेवर आहे. हिमालयात चाललोय," सुधीर म्हणाला आणि लगेच बुटाची नाडी बांधायला खाली वाकला. नाडी सुटलेली नव्हती.

रजा कसली डोंबलाची! तीन महिन्यांपूर्वी प्रोजेक्ट संपला म्हणून कंपनीनं त्याला घरी बसवलं होतं. अठ्ठावीस वर्षं इथले टॉवर उभारलेला साइट इंजिनियर. पण नोकरी गेली हे त्यानं कुणालाही सांगितलं नव्हतं, पुण्यातल्या लेकीलासुद्धा नाही. माझं अबुधाबीजवळच्या मुसफ्फामध्ये छोटं केटरिंगचं किचन आहे, दोघांचा व्हिसा त्यावर आहे, तेव्हा पोटापाण्याची काळजी नव्हती. काळजी त्याची होती. ज्याची हाक चौदाव्या मजल्यावरून खाली ऐकू यायची, तो घरात पाणीसुद्धा खुणेनं मागायला लागला होता. खरं सांगते, मला भीती वाटायला लागली होती. म्हणून मी त्याला न विचारताच ट्रेक बुक केला. मनालीजवळचा हम्प्ता पास, चौदा हजार फुटांवरची खिंड. म्हटलं, निदान तिथं तरी तोंड उघडेल.

माझी तयारी जोरदार होती. आम्ही राहतो त्या अल रीम आयलंडवर जूनमध्ये बाहेर चालायचं म्हणजे तंदूरमध्ये चालायचं. मग मी आमच्या बिल्डिंगचा जिना धरला. रोज एकतीस मजले चढायचे, लिफ्टनं खाली यायचं, पुन्हा चढायचे. सुधीर आला नाही. "जिने माझे झालेत," एवढंच म्हणाला. एका शनिवारी रास अल खैमाच्या डोंगरावरही गेलो, पण तिथं वरपर्यंत गुळगुळीत रस्ता! गाडीनं गेलो, करक (दाट, कडक दुधाचा चहा) प्यायलो, फोटो काढले, गाडीनं उतरलो. ह्यालाही मी सरावच म्हणत होते.

मनालीला पहिल्या संध्याकाळी सिड्डू (अक्रोडाचं सारण भरून उकडलेला आंबवलेल्या कणकेचा गोळा) खाल्ला, वर तुपाची धार. मी दोन खाल्ले आणि केटरर असल्यामुळे कृतीही विचारून घेतली. दुसऱ्या दिवशी जोब्रापासून चालायला लागलो. आमचा गाइड टिकमराम, कुल्लूचा, डोक्यावर रंगीत पट्टीची गोल टोपी. आधी देवदारांची सावली, मग भूर्जाची पांढरी खोडं, मग नुसती फुलं. पिवळी, जांभळी, नावं विचारून विचारून मी टिकमरामला वैताग आणला. पुढच्या मुक्कामाच्या वाटेवर एक गद्दी (मेंढ्या घेऊन डोंगरोडोंगरी फिरणारे मेंढपाळ) म्हातारबाबा भेटले.

"कहाँ से आए?"

"अबुधाबी से," मी म्हटलं.

"वहाँ पहाड़ हैं?"

"पहाड़ नहीं बाबा, बिल्डिंगें हैं. ये बनाते हैं."

बाबांनी सुधीरकडे कौतुकानं पाहिलं. "आप इधर, तो अभी उधर कौन बना रहा है?"

"छुट्टी पे हूँ," सुधीर पुटपुटला आणि पुढे चालायला लागला. त्या बाबांचा तरी काय दोष?

चालण्याच्या तिसऱ्या दिवशी पास. माझे एकतीस मजले असे काही कामाला आले म्हणून सांगू! टिकमराम मागून ओरडत होता, "आंटीजी, धीरे, रेस नहीं है!" पण मी कसली ऐकते. ग्रुपमध्ये सगळ्यांत आधी वर पोचले. समोर बर्फाची शिखरं, वाऱ्यात फडफडणाऱ्या पताका. सुधीर अर्ध्या तासानं धापा टाकत आला, शेंगदाण्याचा लाडू खाल्ला आणि कानटोपी खाली ओढून बसला.

"अरे, बोल की काहीतरी!"

"थंडी आहे," तो म्हणाला.

मी त्याच्याकडे पाठच फिरवली. एवढ्या उंचीवर आणून ठेवलं, तर म्हणे थंडी आहे!

मग उतरण सुरू झाली आणि माझा तोरा दहा मिनिटांत उतरला. पलीकडच्या बाजूला हिरवं पानही नाही. नुसता राखाडी, घसरडा उतार, पायाखालून खडे पळणारा. माझे गुडघे लटलट कापायला लागले. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. दोन महिन्यांत मी एक मजलासुद्धा उतरले नव्हते! टिकमराम पुढे, खालच्या बर्फाच्या पट्ट्यात पायऱ्या खोदत होता. मी सरळ बसकण मारली. "मी इथंच राहते. हेलिकॉप्टर बोलवा."

सुधीर मागून आला आणि माझ्या खालच्या बाजूला जाऊन उभा राहिला.

अर्धवट बांधलेल्या टॉवरमध्ये लिफ्ट नसते. बाहेरच्या बाजूनं वर-खाली करणाऱ्या मजुरांच्या पाळण्यातून इंजिनियर वर जातो आणि एकेक मजला तपासत पायी खाली येतो. कठडा नसलेल्या, रेती सांडलेल्या जिन्यावरून. हे त्यानं अठ्ठावीस वर्षं केलेलं.

"नीला, ऊठ. तिरकी हो. गुडघा वाकव. आधी काठी, मग टाच, मग वजन."

"नाही जमत मला."

"जमतंय का, असं विचारलंय का मी? यल्ला, चल!"

अगबाई! तो साइटवरचा आवाज. समोरच्या कड्यावर आपटून परत आला. ग्रुपमधली बेंगळुरूची दोन पोरं माझ्यासारखीच फतकल मारून बसली होती, तीही दचकून उठली आणि आमच्या मागे लागली. मग काय, साहेबांना साइटच मिळाली. "जल्दी किसको है? एक एक आओ! पत्थर मत गिराओ, नीचे आदमी है!" अडीच तासांच्या उतरणीला आम्ही पाच तास लावले. मी त्याला शिव्या घालत होते, तो मला घालत होता. गुडघे ठणकत होते आणि मी मनातून इतकी खूश होते की विचारू नका.

शियागोरूच्या कॅम्पवर टिकमरामनं गरम डाळ-भात वाढला. "सरजी, फौज में थे क्या?"

सुधीर हसला. "साइट पे." मग टॉवरच्या गोष्टी सुरू झाल्या, ताटातला भात गार झाला तरी संपेनात. मी कान देऊन बसले होते. नोकरीचं मात्र अवाक्षर नाही. म्हटलं, असू दे. माणूस बोलतोय तर खरा.

अबुधाबीला उतरलो तेव्हा मला व्हीलचेअर लागली. हिमालयात जाऊन आले हे मिरवायची माझी केवढी हौस, आणि अशी वरात! बाहेर भट्टीसारखी हवा. टॅक्सीत सुधीर पुढे बसला, मी मागे पाय लांब करून. ड्रायव्हर पेशावरचा पठाण, गप्पिष्ट.

"छुट्टी मनाके आए, साहब?"

मी खिडकीबाहेर बघायला लागले. पुढच्या सिग्नलला सुधीर ड्रायव्हरकडे वळला.

"नहीं भाई," तो म्हणाला. "नौकरी चली गई मेरी. तीन महीने हो गए." मग अंगठ्यानं मागे दाखवलं. "मैडम पहाड़ पे चढ़ गई थी. उतारके लाया हूँ."

ड्रायव्हर आधी धीर दिल्यासारखं "अल्लाह करीम" म्हणाला. मग आरशातून माझ्या गुडघ्यांकडे कौतुकानं बघून "माशाल्ला" म्हणाला. सुधीर खो खो हसला आणि त्यानं खिशातून फोन काढला.

"पोरीला सांगतो आता. तू मध्ये बोलू नकोस."

मी नाही बोलले. मी रुमाल शोधत होते.