यास्मीनचा माळ

आमच्या शेजारची यास्मीन नदाफ वनशास्त्र शिकली. कोकणातल्या कॉलेजातून ती सोलापूरला परतली तेव्हा गल्लीतल्या बायका तिला आपापली सुकलेली तुळस दाखवायला धावल्या. वन म्हणजे कुंडी, एवढीच आमची समज. सरकारी भरती काही निघेना, म्हणून तिनं झाडं लावणाऱ्या एका संस्थेत नोकरी धरली.

संस्थेनं वैरागजवळचा एक माळ घेतला होता. गुडघाभर कुसळी गवत, त्यात चंडोलांची घरटी आणि कुंडलिक धनगराची मेंढरं. यास्मीननं पहिल्याच बैठकीत सांगून टाकलं, "सर, हा माळ ओसाड नाही. हे गवताचंच रान आहे. इथं झाडं लावली तर ते मरेल."

संस्थेचे उदयसिंह हसले. "मॅडम, तुम्हाला पदवी दिली कुणी? गवताबरोबर फोटो काढायला पाहुणे येतील का?"

घरी तिची आई, सरदारबी, वेगळीच तापली. "झाडां लगाने कू पढाई मैं, अब बोलती लगाव नक्को!"

खड्डे पडले, तारेचं कुंपण झालं, मेंढरं बाहेर. रोपं जगवायचं काम यास्मीनकडेच आलं. मला म्हणाली, "काकू, आता भरवसा उन्हाळ्याचाच. रोपं जळाली तर संस्था माळ सोडून देईल."

"मग पाणी घालू नकोस. सोपं आहे."

सोपं नव्हतं. एप्रिलात टँकर आलाच नाही आणि पानं माना टाकायला लागली. तिनं फोन करकरून दुसरा टँकर मागवला, मजुरांबरोबर स्वतः पाइप धरला. तहानलेलं रोप पुढ्यात असताना हात आवरेनात, त्याला काय करायचं!

कुंडलिक कुंपणाबाहेरून बघत होता. "व्हय ताई, तोंडानं गवताची बाजू घ्या आन् पाणी झाडास्नी घाला. लई बरं हाय की तुमचं!"

झाडं जगली. तीन-चार वर्षांत सावलीखालचं गवत विरळ झालं, चंडोल गेले. मेंढरं विकून कुंडलिक सोलापुरात एका गोदामावर वॉचमन झाला. संस्था मात्र खूश आहे. आता माढ्याकडचा माळ मिळालाय आणि जगवायला यास्मीनच हवी, असा उदयसिंहांचा फोन आला.

"नाही म्हण," मी सांगितलं.

"मी नाही म्हटलं तर दुसरा कुणीतरी लावेल, काकू."

"त्याच्या हातची मरतील तरी!"

सोमवारी ती माढ्याला निघालीय.