बाही धरणारा हात

मी विधान परिषदेत प्रतिवेदक आहे. सभागृहात जे बोललं जातं ते शब्दन् शब्द टिपून घेणं हे माझं काम. आज एक सदस्य उभे राहून बोलत होते, आणि नव्याने निवडून आलेले एक गृहस्थ घाईघाईने त्यांच्यासमोरून आपल्या जागेकडे निघाले. बोलणारा सदस्य आणि सभापती यांच्या मधून जायचं नाही, हा इथला रिवाज. नव्या माणसाला तो कुठून ठाऊक असणार? तेवढ्यात आमच्या टेबलाजवळच्या बाकावरून एका बाईंनी त्यांची बाही धरली. "थांबा भाऊ, त्यांचं होऊ द्या."

मला हसू आलं. दोन वर्षांपूर्वी याच बाई अशाच मधून निघाल्या होत्या. तेव्हा एका वृद्ध सदस्यांनी "ताई, जरा थांबा" म्हणून त्यांना अडवलं होतं. त्या वृद्ध सदस्यांची मुदत गेल्याच महिन्यात संपली.

"तुमच्या परिषदेच्या निवडणुका संपतात तरी कधी हो?" आमचे शेजारी नेहमी कुरकुरतात. संपू नयेतच. विधानसभा एकदम विसर्जित होते. इथे दर दोन वर्षांनी एक तृतीयांश माणसं जातात, बाकीची राहतात. ज्याने हे योजलं त्याला माझा नमस्कार. नवख्याची बाही धरायला बाकावर कुणीतरी उरेल, एवढी सोय त्याने करून ठेवली.

माझ्या टिपणात मघाचं भाषण पूर्ण आहे, बाईंचं वाक्य नाही. माइकला ऐकू जाणार नाही इतक्या हळू बोलायचं, हेही बाई त्या वृद्ध गृहस्थांकडूनच शिकल्या.