गिनी पिगचं लंघन

सुट्टीवर येताना नवऱ्यानं पुण्याहून जे खोकं आणलं, ते उघडून पाहिल्यावर माझ्या तोंडून एवढंच निघालं, "हे आधी परत देऊन या." लेकीनं पाळीव प्राण्याचा हट्ट धरला होता, तेव्हा फार तर काचेच्या भांड्यात दोन मासे येतील असं मी धरून चालले होते. खोक्यात भरताच्या वांग्याएवढा, बिनशेपटीचा, पांढरा-तपकिरी उंदीर बसला होता आणि माझ्याकडे बघून शिट्टी मारत होता. "आई, गिनी पिग!" म्हणून लेक नाचायला लागली. मी मटकन खुर्चीत बसले.

सुट्टी संपली आणि नवरा सरहद्दीवर आपल्या युनिटमध्ये गेला. तिथून तो रोज फोनवर सूचना सोडायचा. पिंजऱ्यात गवत चोवीस तास पाहिजे, कोथिंबीर धुऊन द्या, रोज ढबू मिरचीचा तुकडा द्या, क जीवनसत्त्व त्याच्या अंगात तयार होत नाही. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. आम्हाला घरात कोणाला कसलं जीवनसत्त्व कमी पडतं, याची चौकशी या माणसानं बारा वर्षांत एकदाही केली नव्हती.

घरात आणखी एकजण या प्रकारानं हबकून गेले होते, ते म्हणजे माझे सासरे. सासूबाई गेल्यावर म्हसवडकडचं गाव सोडून मामंजी साताऱ्यात आमच्या फ्लॅटवर राहायला आले. गोठ्यातली जनावरं विकून टाकली, पण दावी मात्र गुंडाळून बरोबर आणली. ती अजून त्यांच्या कपाटात आहेत. माणदेशातला माणूस चाऱ्याच्या काडीची किंमत जाणतो. दुष्काळात मामंजींनी महिनोन्‌महिने जनावरांबरोबर चारा छावणीत काढलेले. असा माणूस बघतोय काय, तर सून उंदरापुढे ढबू मिरची चिरून ठेवतेय.

"आमच्या खिलारानं कवा हिचा वास तरी घेतला हुता का?" ते म्हणाले. आणि ते जनावर दिवसभर खातंच राहतं, हे पाहिल्यावर तर त्यांचा डोळ्यांवर विश्वास बसेना. "ह्ये जनावर हाय का उसाचा चरक? कवाबी बघावं तर तोंड चालूच!"

खरंच चालू असायचं. फ्रिजचं दार उघडलं की शिट्टी, भाजीची पिशवी वाजली की शिट्टी. मला आधी त्याचा रागच यायचा. मग मी त्याच्या शिट्टीला उत्तर देते आहे, असं एक दिवस माझ्या लक्षात आलं. काय म्हणावं माणसाच्या जातीला!

दिवाळीच्या सुट्टीत लेक माझ्या माहेरी, सांगलीला गेली. जाताना तिनं आजोबांचा हात हातात घेऊन वचन घेतलं. "आजोबा, याला तुम्हीच सांभाळायचं. आईचं लक्ष नसतं."

"आगं, म्या सबंध गोठा वागवलाय," मामंजी म्हणाले. "ह्ये तर पसाभर जनावर."

भाऊबीज झाली आणि माझं पतसंस्थेतलं काम सुरू झालं. सकाळी त्याच्या पिंजऱ्यात टोपलीभर गवत टाकून निघायचं आणि संध्याकाळी घरी यायचं. टोपली रिकामी दिसायची. मी म्हणायचे, खाल्लं बाबा सगळं.

एका संध्याकाळी दुधासाठी फ्रिज उघडला आणि शिट्टी आली नाही. मी दार लावून पुन्हा उघडलं. घर गप्प.

"मामंजी, हे आज ओरडत नाही?"

"वळण लागलं त्याला," मामंजी समाधानानं म्हणाले. "आता दोन वक्ताला खातंय, आपल्या जनावरांवानी. म्या तू गेलीस की गवत काढून ठेवतो न सकाळ-संध्याकाळ मूठमूठ घालतो. काल त्यानं सकाळचं टाकलं, म्हनून आज लंघन दिलंय. पोट हलकं झालं की आपसूक खाईल."

मी गॅलरीत गेले. ओल्या पोत्याखाली गवताच्या छोट्या छोट्या पेंढ्या बांधून ठेवलेल्या. आठवडाभराचं गवत होतं, एक काडी वाया गेलेली नव्हती. मी धावत पिंजऱ्याकडे आले आणि त्याला उचललं. पाठीची हाडं हाताला लागत होती, पोट मात्र टमटमीत फुगलेलं, आणि कान गार पडलेले.

लंघन मलाही नवं नव्हतं. आमच्याकडे सांगलीला म्हैस चाऱ्याला तोंड लावेनाशी झाली की वडील तिची गव्हाण रिकामी ठेवायचे, आणि आम्हा पोरांना ताप आला की आमचं ताट. त्यानं म्हैसही बरी व्हायची आणि आम्हीही. नवऱ्याची चोवीस तास गवताची सूचना म्हणजे मी नुसते लाड समजले होते. त्यामुळे मामंजी काही वाईट करताहेत असं मलाही वाटेना. तरी हातातलं ते गार अंग सोडवेना. टॉवेलात गुंडाळून रिक्षानं जनावरांचा दवाखाना गाठला. मामंजीही चपला घालून मागोमाग आले.

डॉक्टर तरुण मुलगी होती. तिनं विचारलं, "केव्हापासून खात नाही?"

"म्याच लंघन दिलंय," मामंजींनी अभिमानानं सांगितलं.

ती तपासता तपासता थांबली. मग म्हणाली, "आजोबा, गाई-म्हशीसारखं याचं पोट साठवून ठेवत नाही. मागून काहीतरी सारखं येत राहिलं, तरच आतलं पुढं सरकतं. येणं थांबलं की आतडंच बंद पडतं. उपाशी ठेवलं की हे मरतं."

मामंजींनी टोपी काढून हातात घेतली. जनावराच्या पोटाबद्दल त्यांना कोणी काही सांगावं, हे मी आमच्या घरात कधी पाहिलं नव्हतं.

डॉक्टरनं इंजेक्शन दिलं, एक भुकटी दिली. ती पाण्यात कालवून बिनसुईच्या सिरिंजनं दर दोन तासांनी भरवायची. "लेंड्या पडायला लागल्या, तर आतडं चालू झालं समजा," ती म्हणाली. नाही पडल्या तर काय, ते आम्ही विचारलं नाही.

सकाळपर्यंत एकही पडली नाही. मला कामावर रजा मिळेना. मी सिरिंज मामंजींच्या पुढे केली, तर त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले.

"माज्या हातानं नगं आता, सूनबाई."

माझा ताबाच सुटला. "मग कुणाच्या हातानं? पोरगी परवा येणार आहे मामंजी! तुम्हीच बंद पाडलंय, आता तुम्हीच चालू करा!"

बारा वर्षांत मी त्यांना असं बोलले नव्हते. त्यांनी मुकाट्यानं सिरिंज घेतली.

दिवसभर माझं कामात लक्ष लागलं नाही. संध्याकाळी कुलूप उघडलं, तर मामंजी फरशीवर भिंतीला टेकून बसलेले, मांडीवर टॉवेलात ते. स्वयंपाकघरात त्यांचं ताट मी झाकून ठेवलेलं तसंच होतं.

"अहो, तुम्ही जेवला नाहीत? शुगरची गोळी घेतलीत ना सकाळी?"

"जनावर उपाशी आसताना मानूस जेवतं व्हय?"

मी आणखी बरंच बोलणार होते. तेवढ्यात त्यांनी तळहात माझ्यापुढे धरला. त्यावर दोन-तीन लेंड्या होत्या, बारीक, ओल्या. मी तिथंच खाली बसले आणि मला रडू फुटलं. उंदराच्या लेंड्या बघून कोणी रडेल, असं मला कोणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

त्यांना भाकरी वाढली आणि सांगलीहून लेकीचा व्हिडिओ कॉल आला. "आई, त्यानं खाल्लं का?" मी "हो" म्हणून विषय बदलायचं ठरवलं होतं. घडलं ते पोरीला कशाला सांगायचं? पण मामंजींनी माझ्या हातातून फोन काढून घेतला.

"बाळा, म्या त्याला उपाशी ठेवलं हुतं. त्यापायी लय आजारी पडलं. आता जरा बरं हाय."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. लेकीनं विचारलं, "का ठेवलं, आजोबा?"

"छावणीत तसंच करायचो. पोटभर घातलं आसतं तर चारा म्होरं पुरला नसता, न सगळीच जनावरं गेली आसती. मूठमूठ घातलं म्हनून जगली."



"पण आजोबा, आपल्याकडे तर गवत होतं ना?"

मामंजींच्या हातातला घास तसाच राहिला.

"हुतं की, बाळा," ते म्हणाले. "लय हुतं."