सावकाश वाकणारा कोपर

वाट पाहणं मला कधीच जमलं नाही. चहा उकळेपर्यंतसुद्धा मी स्वयंपाकघरात तीन फेऱ्या मारते. आणि नेमकं मीच एक अतिशय संथ यंत्र करायला घेतलं.

खोताच्या वाडीत आमच्या समोर एक आंटी राहतात, लग्नाचे फ्रॉक शिवणाऱ्या. जिन्यावरून पडून त्यांचा उजवा कोपर मोडला. प्लास्टर निघालं, पण हात आखडलेलाच राहिला. घास तोंडापर्यंत पोचेना. परळच्या इस्पितळात मोटरचं यंत्र त्यांचा हात वाकवायचं. पण मोटरला दुखणं कळत नाही, ती ठरल्या कोनापर्यंत ओढणारच. दोन दिवसांत आंटींनी सांगून टाकलं, "मी नाय जायची गो परत."

लोअर परळच्या वर्कशॉपमध्ये मी तेव्हा धातूंच्या हायड्राइडवर काम करत होते. काही मिश्रधातू हायड्रोजन शोषून घेतात. त्यांची भुकटी बंद डबीत भरून विजेच्या तारेने तापवली की ती तो सोडते, गार केली की परत घेते. सुटलेला वायू धातूच्या छोट्या भात्यात गेला की भाता लांबतो, अजिबात आवाज न करता. माणसाने हात आखडला तर वायू दबतो, जबरदस्ती करत नाही. तो भाता मी कोपराच्या पट्ट्याला जोडला. महिनाभर स्वतःच्या हातावर लावून पाहिला. मग इस्पितळातल्या डॉक्टरांनी आंटींसाठी होकार दिला.

वायू अगदी थोडा होता, तरी गळतीची धास्ती जाईना. साबणाचं पाणी लावून मी यंत्राच्या नळीचे सांधे तपासायचे, पुन्हा तपासायचे, घरी निघालेली अर्ध्या वाटेतून परत यायचे.

मे महिन्यातल्या एका दुपारी आंटींचा हात छान वाकला, पण परत सरळ होईना. खोली इतकी तापलेली की धातू गार व्हायलाच तयार नव्हता. मी पंखा ओढला, ओलं फडकं लावलं, वायर काढली, पुन्हा लावली.

"सॉरी आंटी, पाच मिनिटं, फक्त पाच मिनिटं..."

आंटींनी डाव्या हाताने पट्ट्याचा वेलक्रो फर्रकन सोडवला आणि हात बाहेर काढला.

"हे काढता येतं ना? मग इतकी घाबरतेस कशाला?"

मला रडू आलं. "माझ्यामुळे हात पुन्हा मोडला असता तर?"

"दुखला असता तर मी ओरडले नसते काय? बस जरा."

पुढे मी भुकटीच्या डबीला गार करणारी पट्टी बसवली. पावसाळा संपत आला तेव्हा आंटींचा घास ओठांना लागला, मान थोडी पुढे करावी लागली एवढंच. हात पूर्ण सरळ मात्र झाला नाही. आता त्या कात्री डाव्या हाताने चालवतात. इस्पितळाने आणखी दोन यंत्रं मागितली आहेत. त्यांतल्या एकाचा भाता उद्या तपासायचा आहे, म्हणजे आज दोनदा तपासून झालाय.